डॉ. व्हिटाल ब्राझिल: ज्या सापाचे विष, त्याचेच प्रतिविष

साप चावल्यावर रुग्णालयात प्रतिविषाचे इंजेक्शन देतात, हे बहुतेकांना माहीत असते. पण एकच प्रतिविष सगळ्या सापांवर चालत नाही. हे प्रयोगाने दाखवून देणारे डॉक्टर म्हणजे व्हिटाल ब्राझिल.

त्यांचा जन्म १८६५ साली ब्राझील देशातील कांपान्या या गावी झाला. १८९१ मध्ये ते रिओ दि जानेरोत डॉक्टर झाले. पुढे साओ पाउलो राज्यातील बोतुकातू येथे रुग्णसेवा करताना सर्पदंश झालेले शेतमजूर त्यांच्याकडे येत. हाती खात्रीचे औषध नव्हते.

त्याच सुमारास फ्रेंच शास्त्रज्ञ काल्मेट यांनी नागाच्या विषापासून प्रतिविष बनवले होते. ते सर्वच सापांवर चालेल, असा समज होता. ब्राझिल यांनी ते आपल्या देशातील जराराका आणि कॅस्कावेल या सापांच्या विषांवर तपासले. उपयोग झाला नाही.

हे दोन्ही साप पिट व्हायपर गटातले. डोळा व नाकपुडी यांच्यामध्ये उष्णता ओळखणारा खळगा, ही या गटाची खूण. पण विषे निराळी. जराराकाच्या दंशाने जागा खूप सुजते, दुखते आणि रक्त गोठणे बिघडते. कॅस्कावेलच्या दंशात सूज कमी असते. मात्र पापण्या जड होतात, स्नायूंची हानी होते, लघवी गडद होते आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. म्हणून त्यांनी दोघांसाठी वेगवेगळी प्रतिविषे आणि साप न ओळखल्यास देण्यासाठी एक मिश्र प्रतिविष तयार केले.

१९०१ मध्ये ते बुटांटन संस्थेचे पहिले संचालक झाले. शेतकरी साप पाठवत आणि बदल्यात प्रतिविष नेत. १९५० मध्ये त्यांचे निधन झाले.

हा धडा आपल्यालाही लागू आहे. भारतात मिळणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषांपासून बनते. सह्याद्रीतील चापडा हा पिट व्हायपर त्यात नाही, त्यामुळे त्याच्या दंशावर या प्रतिविषाचा भरवसा धरता येत नाही. तरीही रुग्णालयात जाणे टाळू नका; सूज, रक्तस्राव व मूत्रपिंडाच्या त्रासावर तिथे उपचार होतात. साप पकडण्यात वेळ घालवू नका. जखम कापू नका, आवळून बांधू नका. दंश झालेला हात किंवा पाय न हलवता रुग्णाला लगेच रुग्णालयात न्या, आणि सापाचे वर्णन व दिसलेली लक्षणे डॉक्टरांना सांगा.