अंगावरच्या दुधासाठी झगडलेल्या डॉ. सिसिली विल्यम्स

दोन-तीन वर्षांची मुले. पाय सुजलेले, पोट पुढे आलेले, केस विरळ आणि तांबूस, कातडीचे पापुद्रे सुटलेले. सुजेमुळे ती वरवर गुबगुबीतही वाटत, पण त्यातली कितीतरी पुढे दगावत. आजच्या घानामध्ये, म्हणजे तेव्हाच्या गोल्ड कोस्ट या ब्रिटिश वसाहतीत, १९२९ साली नोकरीवर रुजू झालेल्या डॉ. सिसिली विल्यम्स यांच्यासमोर अशी मुले रोज येत होती. इतर डॉक्टर त्याला ‘पेलाग्रा’ हा जीवनसत्त्वाच्या अभावाचा आजार समजत. विल्यम्स यांना ते पटेना.

त्यांचा जन्म १८९३ चा, जमैकातला. पहिल्या महायुद्धामुळे पुरुष विद्यार्थी कमी पडले, म्हणून ऑक्सफर्डमध्ये त्यांना वैद्यकीय शिक्षणाची संधी मिळाली. डॉक्टर झाल्यावरही नोकरीसाठी वणवण करावी लागली. वसाहतीत नेमणूक झाली ती ‘महिला वैद्यकीय अधिकारी’ म्हणून, आणि पगार पुरुष सहकाऱ्यांपेक्षा कमी. मात्र या बाईंकडे एक गोष्ट होती, जी वसाहतीतल्या फार थोड्या डॉक्टरांकडे असे. आजाराबद्दल त्या मुलांच्या आयांनाच विचारत.

स्थानिक गा भाषेत या आजाराला नाव आधीपासून होते, क्वाशिओरकोर. धाकटे भावंड आले की थोरल्याला होणारे दुखणे, असा त्याचा आशय. आईला पुन्हा दिवस गेले, की आधीचे मूल अंगावरून तुटे आणि मक्याच्या पेजेवर येई. पेजेने पोट भरे, पण मक्यातली प्रथिने वाढत्या मुलाला पुरी पडत नाहीत. रक्तातली प्रथिने घटली, की पाणी रक्तवाहिन्यांबाहेर साचते आणि अंगाला सूज येते. म्हणजे निदान निम्मे त्या नावातच होते. विल्यम्स यांनी १९३३ मध्ये या आजारावर निबंध लिहिला, आणि १९३५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये तो क्वाशिओरकोर याच नावाने मांडला. तज्ज्ञांनी विरोध केला, वरिष्ठांशी खटके उडाले आणि १९३६ मध्ये त्यांची बदली मलायात झाली.

सिंगापूरमध्ये त्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना शिकवू लागल्या. तिथे प्रश्न उलटा होता. तान्ह्या बाळांना जन्मापासूनच डब्यातले गोड, आटवलेले दूध दिले जात होते. नर्ससारखा पोशाख केलेल्या विक्रेत्या बाळंतिणींना गाठून हेच दूध चांगले असल्याचे पटवत. साय काढलेल्या अशा दुधात ‘अ’ आणि ‘ड’ जीवनसत्त्वे नसतात. ब्रिटनमध्ये तर त्याच्या डब्यावर ते तान्ह्या बाळांसाठी योग्य नाही, असे छापणे बंधनकारक होते. शिवाय दूध पातळ करायला लागणारे पाणी अस्वच्छ, म्हणून जुलाब. आणि वरचे दूध सुरू झाले, बाळाने ओढणे कमी केले, की आईचे दूधही आटते. मग परतीची वाट उरत नाही. गंमत अशी, की आफ्रिकेत अंगावरून तुटलेल्या मुलांना विल्यम्स यांनी स्वतः डब्यातले दूध उपचार म्हणून दिले होते. त्यांचे भांडण डब्याशी नव्हते. ज्या बाळाच्या आईला दूध येत आहे, त्याच्या तोंडी तो लावण्याशी होते.

१९३९ मध्ये सिंगापूरच्या रोटरी क्लबमध्ये त्यांनी भाषण केले. विषय होता ‘दूध आणि खून’. अज्ञानातून बाळांचे जीव घेणाऱ्या या प्रचाराला खूनच म्हणावे, असे त्यांनी शहरातल्या प्रतिष्ठितांसमोर स्पष्ट मांडले.

पुढे जपानने मलाया जिंकला. विल्यम्स सिंगापूरच्या चांगी तुरुंगात कैद झाल्या. महिलांच्या छावणीचे नेतृत्वही काही काळ त्यांच्याकडे होते. जपानी लष्करी पोलिसांनी त्यांना चौकशीसाठी नेऊन काही महिने पिंजऱ्यासारख्या कोठडीत डांबले. बेरीबेरीमुळे पायांतली संवेदना कायमची कमी झाली. याच छावणीत २० बाळे जन्मली. आया अर्धपोटी होत्या आणि डब्यातल्या दुधाची सोय नव्हती. वीसही बाळांना आयांनी अंगावर पाजले आणि वीसही जगली. कुपोषित आईला दूधच येत नाही, हा समज तेव्हा डॉक्टरांमध्येही होता. सुटकेनंतर विल्यम्स यांनी छावणीतल्या स्त्रिया आणि मुलांच्या पोषणावर रीतसर निबंध लिहिला. स्वतःच्या कैदेतूनही नोंदी घेऊन बाहेर पडणारी ही बाई!

१९४८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या माता-बाल आरोग्य विभागाच्या त्या पहिल्या प्रमुख झाल्या. नंतर बैरूतच्या अमेरिकन विद्यापीठात शिकवले. उपचार एका इमारतीत आणि आरोग्यशिक्षण दुसरीकडे, ही सरकारी वाटणी त्यांना मान्य नव्हती. आजारी मूल घेऊन आलेल्या आईशी त्याच वेळी घासाबद्दल, पाण्याबद्दल बोलले पाहिजे, असे त्या विद्यार्थ्यांना शिकवत. डॉक्टरने घरी जाऊन चूल पाहावी, हाही आग्रह असे.

आईच्या दुधाला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थांच्या जाहिरातींना आळा घालणारी आंतरराष्ट्रीय आचारसंहिता १९८१ मध्ये मंजूर झाली, तेव्हा विल्यम्स ८७ वर्षांच्या होत्या. जुलै १९९२ मध्ये, ९८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये भारताचा यासंबंधीचा कायदा झाला. बाळाच्या दुधाच्या डब्यावर बाळाचे किंवा आईचे चित्र छापायला त्या कायद्याने बंदी आहे.