कादंबरीकार हरि नारायण आपटे

सर वॉल्टर स्कॉट ह्यांच्या १८१९ सालच्या ‘आयव्हॅन्हो’ कादंबरींत एक पुत्र, बापाची मर्जी मोडून, रिचर्ड राजामागें यरुशलेमेकडील धर्मयुद्धास जातो. बाप त्याचा वारसा काढून घेतो. प्रिय वाचकहो, ह्याच जातीचा पेंच मराठींत ज्यांनीं घातला, त्यांची ही हकीकत आहे.

हरि नारायण आपटे ह्यांचा जन्म ८ मार्च १८६४ रोजीं खानदेशांतील पारोळें येथें झाला. आई लहानपणींच वारली. चुलत्यांच्या छायेंत ते वाढले. स्कॉटचे ग्रंथ त्यांनीं आवडीनें वाचले, परंतु गणितानें दगा दिला व पदवी मिळाली नाहीं. १८९० सालीं त्यांनीं ‘करमणूक’ साप्ताहिक काढिलें.

त्यांतच १८९५ पासून ‘उषःकाल’ प्रकरणाप्रकरणानें आली. किल्लेदार रंगराव अप्पा विजापूरच्या मिठाला जागणारे. पुत्र नानासाहेबांचें मन शिवाजी महाराजांकडे ओढलेलें. बाप दुष्ट नाहीं, इमानी आहे, हीच खरी वेदना. बापलेकांच्या वाटा फुटलेलें घर प्रवरेकांठच्या आमच्या कोल्हारांतहि ती ओळखील. आपट्यांसहि ती परकी नसावी. घरचीं वडील माणसें जुन्या वळणाचीं, आणि ते स्वतः सुधारणेचे.

चुलते वारल्यावर आनंदाश्रम संस्थेचा कारभार त्यांजकडे आला, पुढें पुणें म्युनिसिपालिटीचें अध्यक्षपदहि. छापखान्यास मात्र दर आठवड्यास मजकूर हवाच! कांहीं कादंबऱ्या अपुऱ्या राहिल्या त्या राहिल्याच. ३ मार्च १९१९ रोजीं ते वारले, तेव्हां शिवकालावरील ‘सूर्यग्रहण’ पुरें झालेलें नव्हतें.