स्वामी कुवलयानंद

स्वामी कुवलयानंद (मूळ नाव: जगन्नाथ गणेश गुणे, जन्म: ३० ऑगस्ट १८८३, डभोई, गुजरात, मृत्यू: १८ एप्रिल १९६६) हे योगाभ्यासी, शिक्षक व संशोधक होते. योगक्रियांचा पचनसंस्थेवर आणि एकूण शरीरावर होणारा परिणाम उपकरणांनी मोजून पाहणाऱ्या आरंभीच्या संशोधकांत त्यांची गणना होते. लोणावळा येथील कैवल्यधाम ही संस्था त्यांनी स्थापन केली.

पूर्वायुष्य

१९०३ साली मॅट्रिक परीक्षेत त्यांना संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळाली. पुढील शिक्षण बडोदा कॉलेजात झाले. १९०७ ते १९१० या काळात त्यांनी बडोद्यातील जुम्मादादा व्यायामशाळेत राजरत्न माणिकराव यांच्याकडे शारीरिक शिक्षणाचे धडे घेतले. त्यानंतर ते अमळनेर येथे अध्यापन करीत होते. १९१९ मध्ये नर्मदाकाठच्या मालसर येथील परमहंस माधवदास यांची भेट झाली व त्यांच्याकडून योगाची दीक्षा मिळाली.

पचनसंस्थेवरील प्रयोग

हठयोगातील बस्ती या क्रियेत साधक पाण्यात बसून मोठ्या आतड्यात पाणी ओढून घेतो. शरीरशास्त्राच्या दृष्टीने हे कोडेच होते. आतड्याच्या भिंतीतील स्नायू लाटेसारखे आकुंचन पावून आतील पदार्थ गुदद्वाराकडे ढकलतात. मोठ्या आतड्यात त्यातील पाणी शोषले जाते आणि उरलेला मळ पुढे सरकतो. मग बाहेरचे पाणी कोणत्याही पिचकारीवाचून उलट दिशेने वर कसे चढते?

परंपरेच्या शब्दावर विसंबून न राहता कुवलयानंदांनी १९२०–२१ च्या सुमारास आपल्या काही विद्यार्थ्यांच्या साहाय्याने बडोद्याच्या रुग्णालयात उड्डियान व नौली या क्रियांची तपासणी केली. क्ष-किरणांनी पोटातील अवयवांच्या जागा पाहण्यात आल्या आणि आतड्यातील दाबही मोजला गेला. नौली चालू असताना हा दाब बाहेरील हवेच्या दाबापेक्षा कमी होतो, म्हणजे आत अंशतः निर्वात स्थिती तयार होते, असे दिसून आले. बस्तीचे पाणी वर चढते ते दाबांतील या फरकामुळे. या निर्वाताला कुवलयानंदांनी स्वतःचे नव्हे, तर गुरूंचे नाव दिले.

हा दाब कमी होण्याचे कारण समजण्यास सोपे आहे. उड्डियानात पूर्ण श्वास सोडून, तो बाहेरच रोखून, छाती फुगवली जाते. त्यामुळे श्वासपटल वर उचलले जाते आणि पोट आत खेचले जाते. नौलीत पोटाच्या मध्यभागीचे दोन उभे स्नायू आवळून पुढे काढले जातात. उदरपोकळी आणखी प्रशस्त होते व दाब अधिक उतरतो. येथे आतडे स्वतः पाणी ओढत नाही, हा भेद लक्षात घेण्याजोगा आहे. अर्थात प्रयोगात भाग घेणारे थोडेच होते. एका क्रियेची यंत्रणा या प्रयोगांनी उलगडली, पण त्यावरून एखाद्या पोटविकारावरील उपचार सिद्ध झाला असे म्हणता येत नाही.

कैवल्यधाम

ऑक्टोबर १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधामाची स्थापना झाली. त्याच वर्षी योगमीमांसा हे त्रैमासिक सुरू झाले आणि बडोद्यातील निरीक्षणे त्यात क्ष-किरणचित्रांसह प्रसिद्ध झाली. निरीक्षणे छापून इतरांच्या तपासणीसाठी खुली करणे ही त्या काळच्या योगसाधकांत विरळ गोष्ट होती. येल विद्यापीठाचे संशोधक के. टी. बेहानन यांनी पुढे लोणावळ्यात राहून योगाचा अभ्यास केला. १९३२ मध्ये मुंबईत शाखा निघाली. आसन व प्राणायाम यांवर कुवलयानंदांनी स्वतंत्र पुस्तके लिहिली.