एडुआर्ड बुखनर

एडुआर्ड बुखनर (२० मे १८६० – १३ ऑगस्ट १९१७) हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ होते. जिवंत यीस्ट पेशी नसतानाही साखरेचे किण्वन होऊन मद्यार्क तयार होऊ शकतो, हे त्यांनी १८९७ मध्ये दाखवून दिले. या संशोधनासाठी त्यांना १९०७ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पेशी अन्नातून ऊर्जा कशी मिळवतात, या प्रश्नाच्या रासायनिक अभ्यासाचा पाया या प्रयोगाने घातला.

प्रारंभिक जीवन

बुखनर यांचा जन्म म्युनिक येथे झाला. त्यांचे वडील वैद्य व न्यायवैद्यकाचे प्राध्यापक होते. १८७२ मध्ये वडिलांचे निधन झाले, तेव्हा एडुआर्ड १२ वर्षांचे होते. पुढील शिक्षणासाठी त्यांना थोरले बंधू हान्स यांचा आधार मिळाला. तरीही पैशांअभावी रसायनशास्त्राचा अभ्यास मध्येच सोडून त्यांना म्युनिक व मोंबाख येथील डबाबंद खाद्यपदार्थांच्या कारखान्यांत नोकरी करावी लागली. १८८४ मध्ये त्यांनी अभ्यास पुन्हा सुरू केला. रसायनशास्त्रात आडोल्फ फोन बायर आणि वनस्पतिशास्त्रात कार्ल फोन नेगेली हे त्यांचे गुरू होते. १८८८ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली.

किण्वनाचा वाद

पाचक रसांतील पेप्सिन किंवा मोड आलेल्या धान्यातील डायास्टेज यांसारखी विकरे, म्हणजे एंझाइमे, पेशीबाहेरही काम करतात, हे १९ व्या शतकाच्या पूर्वार्धातच माहीत झाले होते. परंतु किण्वनाची गोष्ट वेगळी मानली जाई. प्राणवायू नसताना यीस्ट याच क्रियेवर जगते. म्हणून ही क्रिया जिवंत पेशीपासून अलग करता येणार नाही, असे लुई पाश्चर यांचे मत होते. युस्टुस फोन लीबिग यांच्या मते ती निव्वळ रासायनिक क्रिया होती. पेशी फोडून तिच्यातील द्रव्य तपासणे हा वाद मिटवण्याचा सरळ मार्ग होता, पण अनेकांचे तसे प्रयत्न फसले होते. बुखनर यांनी १८९३ च्या सुमारास म्युनिकमध्ये यीस्ट वाटण्याचे प्रयोग सुरू केले, तेव्हा यातून काही निष्पन्न होणार नाही, असे प्रयोगशाळेच्या मंडळाचे मत पडले आणि काम थांबले. त्यानंतर ते कील आणि मग ट्यूबिंगेन येथे अध्यापन करू लागले.

पेशीविरहित किण्वन

१८९६ च्या शरद ऋतूतील सुटीत बुखनर म्युनिकला आले आणि हान्स यांच्या आरोग्यशास्त्र संस्थेत त्यांनी हे काम पुन्हा हाती घेतले. हान्स यांना सूक्ष्मजीवांच्या पेशींतील द्रव्य वैद्यकीय उपयोगासाठी हवे होते. त्यांचे सहायक मार्टिन हान हेही या कामात होते. १ किलोग्रॅम यीस्टमध्ये तेवढीच गारगोटीची वाळू आणि २५० ग्रॅम कीसेलगुर ही भुसभुशीत माती मिसळून ते मिश्रण ओलसर लगदा होईपर्यंत घोटले जाई. मग थोडे पाणी घालून, कापडात बांधून ४०० ते ५०० वातावरण इतक्या दाबाखाली तो लगदा पिळला जाई. दोनदा पिळल्यावर सुमारे ५०० घन सेंटिमीटर रस मिळे. उष्णता किंवा तीव्र रसायने न वापरल्यामुळे त्यातील नाजूक प्रथिने शाबूत राहत.

हा रस लवकर नासत असे. मुरंबा टिकावा म्हणून साखर घालतात, त्याच हेतूने त्यात साखरेचे दाट द्रावण घालण्यात आले. काही वेळातच रसातून बुडबुडे येऊ लागले. टिकवण्यासाठी घातलेली साखरच आंबत होती! निरीक्षण योगायोगाने घडले खरे. पण त्याचा अर्थ ओळखायला १० वर्षांपूर्वीपासून किण्वनाचा अभ्यास करणारा रसायनशास्त्रज्ञच हवा होता. बुडबुडे कार्बन डायऑक्साइडचे होते आणि द्रवात मद्यार्क तयार झाला होता. जानेवारी १८९७ मध्ये बुखनर यांनी हा शोध जर्मन रसायन संस्थेच्या नियतकालिकाकडे पाठवला. रसातील क्रियाशील द्रव्याला त्यांनी झायमेज हे नाव दिले.

रसात जिवंत जीवद्रव्याचे कण उरले असतील, असा आक्षेप घेण्यात आला. बुखनर यांनी रस सूक्ष्म गाळणीतून गाळला, त्यात क्लोरोफॉर्म मिसळला, अ‍ॅसिटोनने मारलेले यीस्टही वापरून पाहिले. किण्वन होतच राहिले. १९०३ मध्ये दोघे बुखनर बंधू आणि हान यांचा या विषयावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. हान्स मात्र १९०२ मध्येच निवर्तले होते.

उत्तरायुष्य

१८९८ मध्ये बुखनर बर्लिनच्या कृषी महाविद्यालयात प्राध्यापक झाले. १९०० मध्ये लोटे श्टाल यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९०९ पासून ते ब्रेस्लाउ (आताचे पोलंडमधील व्रोत्सवाफ) येथे आणि १९११ पासून वुर्झबर्ग येथे होते. पहिल्या महायुद्धात पन्नाशी उलटलेली असतानाही ते स्वेच्छेने सैन्यात गेले. मेजर पदावर असताना रोमानियातील फोक्शान येथे जखमी होऊन १३ ऑगस्ट १९१७ रोजी त्यांचे निधन झाले.

झायमेजचा पुढील अभ्यास

झायमेज हे एकच विकर नव्हे, हे हळूहळू स्पष्ट झाले. ग्लुकोजपासून मद्यार्कापर्यंत १२ टप्पे असून प्रत्येक टप्प्याला वेगळे विकर लागते. विकर स्वतः ऊर्जा निर्माण करत नाही. ते अभिक्रियेच्या वाटेतील अडसर कमी करते. टप्प्याटप्प्याने मोकळ्या होणाऱ्या ऊर्जेपैकी काही भाग एटीपी या रेणूत साठवला जातो आणि पेशी तो वाढीसाठी व इतर कामांसाठी खर्च करते. ग्लुकोजच्या एका रेणूमागे यीस्टला असे २ रेणू निव्वळ मिळतात. एटीपीचा शोध १९२९ मध्ये जर्मनीत कार्ल लोमान यांना आणि स्वतंत्रपणे अमेरिकेत सायरस फिस्के व भारतीय शास्त्रज्ञ येल्लाप्रगडा सुब्बाराव यांना लागला.

त्याआधीच, १९०५ च्या सुमारास, इंग्लंडमध्ये आर्थर हार्डन व विल्यम यंग यांना आढळले होते, की यीस्टच्या रसात फॉस्फेट घातले की किण्वन वेगावते, ते संपले की मंदावते आणि फॉस्फेट जोडलेली साखर रसात साचत जाते. कारण पुढे कळले: जिवंत पेशी एटीपी सतत खर्च करून फॉस्फेट मोकळे करते. पिळून काढलेल्या रसात साखर मोडणारी विकरे होती, पण त्या ऊर्जेचा वापर करणारी पेशी नव्हती.