सरखेल कान्होजी आंग्रे

मराठी आरमाराच्या प्रमुखास सरखेल म्हणत. या पदाला खरा दरारा मिळवून दिला कान्होजी आंग्रे यांनी. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीने ते शाहू महाराजांच्या पक्षात आले व सरखेलपद त्यांच्याकडे कायम झाले. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले, पण हात हलवत परतले.

४ जुलै १७२९ रोजी कान्होजी निवर्तले. पुढे मुलांत भाऊबंदकी माजली, दौलतीची वाटणी झाली. १७५६ मध्ये पेशव्यांनी इंग्रजांच्या मदतीने तुळाजी आंग्र्यांचा पाडाव केला आणि विजयदुर्गापाशी त्यांचे आरमार जळाले. परक्यांना एकट्याने जे साधले नव्हते, ते घरच्या भांडणाने साधले.

अलिबागला गेलात, तर सरखेलांच्या समाधीचे दर्शन मुलांना जरूर घडवा.