एका रात्रीत ‘पिंग’ लिहिणारा माइक मूस

भामरागडच्या एखाद्या सेवा केंद्राची कल्पना करा. सातबारा काढायला दहा माणसं ताटकळलीत आणि स्क्रीनवर चक्र फिरतंय. कंपनीला फोन केला, तर मोडेम बंद करून पुन्हा चालू करायला सांगतात. दोष मोडेमचा, जंगलातून आलेल्या केबलचा, की पार नागपूर-मुंबईकडच्या कुठल्या यंत्राचा? हे शोधताना नेटवर्कवाले आजही आधी एकच शब्द टाइप करतात : पिंग. तो प्रोग्राम माइक मूस या अमेरिकन माणसाने एका रात्रीत लिहिला. गंमत म्हणजे, ज्या बिघाडासाठी लिहिला त्यासाठी तो वापरावाच लागला नाही!

मूसचा जन्म १६ ऑक्टोबर १९५८चा, आयोवा सिटीतला. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात शिकून तो मेरीलँडमधल्या अमेरिकी लष्कराच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीत लागला. वस्तूंचे घन आकार संगणकावर उभे करणारं बीआरएल-कॅड हे तिथलं त्याचं मोठं काम. त्यापुढे पिंग म्हणजे किरकोळच.

जुलै १९८३मध्ये नॉर्वेतल्या एका बैठकीत त्याने डेव्हिड मिल्स यांचं बोलणं ऐकलं होतं. दुसऱ्या संगणकाकडे एक छोटं पाकीट पाठवायचं, त्याने ते तसंच परत करायचं आणि मधला वेळ मोजायचा, असा मिल्स यांचा प्रयोग होता. डिसेंबरात प्रयोगशाळेचं नेटवर्क विचित्र वागू लागलं, तेव्हा मूसला हे आठवलं. त्याने रात्रभर बसून सुमारे हजार ओळी लिहिल्या. नाव ठेवलं पाणबुड्या शोधणाऱ्या सोनारच्या आवाजावरून. पण त्याचं पहिलं पाकीट निघायच्या आत एका सहकाऱ्याने बिघाड शोधलासुद्धा.

मूसने प्रोग्राम फुकट दिला. बर्कलीच्या युनिक्समध्ये तो गेला आणि तिथून सगळीकडे पसरला.

आता आपल्या भागाचा हिशोब करू. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. चंद्रपूर ते मुंबई केबल १,००० किलोमीटर धरली, तर जाऊन-येऊन १० मिलिसेकंद. यंत्रांचा वेळ धरून २५-३० दिसले तरी ठीक. ३०० दिसले तर कुठेतरी तुंबलंय, नाहीतर वाट लांबची आहे. मात्र टॉवरचा दुवा भूस्थिर उपग्रहातून असेल, तर जवळपास अर्धा सेकंद लागणारच. तिथे कंपनीशी भांडून उपयोग नाही, कारण उपग्रह ३६,००० किलोमीटरवर आहे.

म्हणून पिंग टप्प्याटप्प्याने करा. आधी स्वतःच्या मोडेमला. तिथेच वेळ वाढला तर दोष घरातला. मग कंपनीच्या पहिल्या यंत्राला, मग बाहेरच्या सर्व्हरला. पुढे व्हॅन जेकबसन यांनी ट्रेसराउट लिहिला, तो वाटेतला प्रत्येक थांबा दाखवतो. नागपूरच्या सर्व्हरकडे निघालेलं पाकीट मुंबईला वळसा घालतंय का, हे त्यात दिसतं. दोन कंपन्यांची जाळी मुंबईतच जुळत असतील तर असं होतं. एक सावधगिरी : मधल्या एकाच थांब्यावर आकडा फुगला आणि पुढे पुन्हा उतरला, तर काळजी नको. ते यंत्र पाकिटं नीट पुढे पाठवतंय, फक्त तुमच्या चौकशीला सवडीने उत्तर देतंय. आकडा तिथून शेवटपर्यंत चढाच राहिला, तरच तक्रारीत तो थांबा लिहा. तारीख आणि वेळही टाका. ‘नेट स्लो आहे’ एवढ्यावर कुणी हलत नाही.

मूसला सर्वांत आवडलेला किस्सा दुसऱ्याच एका नेटवर्कवाल्याचा होता. त्याची केबल मधूनच तुटायची. त्याने पिंगला बोलतं केलं आणि स्पीकर मोठा करून इमारतभर एकेक जोड हलवत फिरला. आवाज जिथे थांबला, तिथे बिघाड!

पिंगच आपली सर्वांत मोठी ओळख ठरणार हे आधी कळलं असतं, तर त्यावर आणखी एक-दोन दिवस घालवले असते, असं मूस गमतीने म्हणे. २० नोव्हेंबर २००० रोजी मेरीलँडमध्ये महामार्गावरच्या अपघातात तो गेला. वय होतं ४२.