सतरावे आलेले फिरोजशहा

सीएसएमटीच्या सबवेतून महापालिकेच्या बाजूला वर आलात, की मुख्यालयासमोर एक उंच पुतळा दिसतो. आपण विक्रोळीवाले त्याच्याकडे मान वर करून बघत नाही, कारण एक तर लेक्चरला उशीर झालेला असतो, नाहीतर वडापावचा वास आलेला असतो. हे सर फिरोजशहा मेहता. (आपल्या पिरोजशानगरशी गल्लत करू नका, ते पिरोजशा गोदरेज.) १५ जानेवारी २०२६ ला तुम्ही बोटाला शाई लावून आलात ना? कॉलेजात असाल तर महापालिकेसाठीचं ते तुमचं पहिलंच मत असणार, कारण त्याआधीची निवडणूक २०१७ मध्ये झाली आणि तेव्हा तुम्ही शाळेत होतात. मुंबईकराला नगरसेवक निवडता यावा म्हणून ज्यांनी घसा कोरडा केला, त्यांच्यात या माणसाचं नाव सगळ्यात वर येतं.

जन्म ४ ऑगस्ट १८४५, मुंबई. घर पारशी व्यापाऱ्याचं, कॉलेज एल्फिन्स्टन. हुशारी बघून रुस्तमजी जमशेदजी जीजीभॉय यांच्या पैशांवर त्यांना बॅरिस्टरीसाठी लंडनला पाठवण्यात आलं. मग १८६५ मध्ये अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, कापसाचे भाव कोसळले, मुंबईचा शेअर बाजार आपटला आणि त्यात रुस्तमजीही बुडाले. तरी फिरोजशहांनी शिक्षण पुरं केलं आणि १८६८ ला ते बॅरिस्टर होऊन परतले.

परतले तेव्हा शहर कमिशनरवर चिडलेलं होतं. आर्थर क्रॉफर्ड, ज्याच्या नावाचं मार्केट आपल्याला माहीत आहे, तो हा कमिशनर. माणूस कामाचा, पण खर्चाला हात सैल. गटारं, रस्ते, मार्केट सगळं झालं आणि तिजोरी रिकामी झाली. त्याच्यावर लक्ष ठेवायचं काम ‘जस्टिस ऑफ द पीस’ या मंडळींचं होतं. म्हणजे कोण, तर सरकारने नेमलेले प्रतिष्ठित लोक. त्यांना कुणी निवडून दिलेलं नव्हतं, त्यामुळे कुणाला हिशेब द्यायची गरज नव्हती. १८७१ मध्ये करदाते रस्त्यावर यायचेच बाकी राहिले होते आणि सगळ्यांना क्रॉफर्डचा राजीनामा हवा होता.

अशा वातावरणात २६ वर्षांचा हा बॅरिस्टर फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये उभा राहिला आणि त्याने चक्क क्रॉफर्डची बाजू घेतली. श्रोत्यांना ते अजिबात रुचलं नाही. पण मुद्दा नीट बघा. कमिशनर बदलून काही होणार नाही, दुसरा येईल आणि तोही तेच करेल, असं त्यांचं म्हणणं होतं. कारभार चालवायला एकच जबाबदार अधिकारी हवा, पण त्याच्या डोक्यावर करदात्यांनी निवडलेली माणसं हवीत आणि तिजोरीची किल्ली त्या माणसांकडे हवी. मला विचाराल तर एखाद्या माणसावर संतापलेल्या गर्दीला व्यवस्थेबद्दल बोलायला लावणं हेच त्यांचं सगळ्यात मोठं काम.

पुढच्याच वर्षी कायदा आला. १८७२ च्या त्या कायद्याने ६४ जणांचं कॉर्पोरेशन बनलं. त्यातले निम्मे, म्हणजे ३२, करदात्यांनी निवडायचे. उरलेले १६ जस्टिस मंडळींनी आणि १६ सरकारने. साडेसहा लाखांच्या आसपास वस्तीच्या शहरात मत फक्त ठरावीक रकमेचा कर भरणाऱ्यांना होतं. भाडेकरू, गिरणी कामगार, सगळे यादीबाहेर. तरी सुरुवात झाली.

मग १८८८ चा कायदा. त्याच्या मसुद्यात सरकारला पुन्हा कमिशनरचं पारडं जड करायचं होतं. कायदेमंडळात फिरोजशहा आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी कलमं लढवून कॉर्पोरेशनचे अधिकार राखले. सभासद झाले ७२, त्यातले ३६ वॉर्डांतून. दुरुस्त्या होत होत आजही मुंबई महापालिका याच कायद्यावर चालते.

आता शीर्षकातली गोष्ट. गंमत म्हणजे वॉर्डाचा हा वकील स्वतः जस्टिस मंडळींच्या मतांवर निवडून यायचा. तिथे सरकारी अधिकारी आणि युरोपियन भरपूर, त्यामुळे १९०७ मध्ये तिथेच त्यांच्यावर सापळा लागला. अकाउंटंट जनरल हॅरिसन, पोलीस कमिशनर गेल, टाइम्स ऑफ इंडियाचे संपादक लोव्हॅट फ्रेझर अशा मंडळींनी गट बांधला आणि १६ जणांचं पॅनेल उभं केलं. हेतू एकच, फिरोजशहांना बाहेर काढायचं. जागा १६ आणि फिरोजशहा आले सतरावे! तीन दशकांहून जास्त काळ ज्या कॉर्पोरेशनला त्यांनी वाहून घेतलं, तिचं दार एका नंबराने बंद झालं. शहरात निषेधाच्या सभा झाल्या. पुढे निवडून आलेल्यांपैकी एक जण अपात्र ठरला आणि सतरावे फिरोजशहा आत आले. १९११ मध्ये तर ते पुन्हा अध्यक्ष होते.

१९०७ च्याच वर्षअखेरीस सुरत काँग्रेसमध्ये भिरकावलेला जोडाही त्यांना लागला. ते मवाळांचे पुढारी होते आणि टिळकांशी त्यांचं कधी जमलं नाही, हेही सांगायला हवं. जनतेला मत द्या म्हणणाऱ्या या माणसाला सगळी जनता मात्र डोळ्यासमोर नव्हती. करदाता म्हणजेच नागरिक, इतकीच त्यांच्या काळाची आणि त्यांची झेप. ५ नोव्हेंबर १९१५ ला ते गेले. सर्व प्रौढांच्या मतावर महापालिकेची पहिली निवडणूक व्हायला १९४८ उजाडलं.

आणि आपली विक्रोळी? फिरोजशहांच्या हयातीत ती मुंबईत नव्हतीच, ठाणे जिल्ह्यात होती. १९५० मध्ये शहराची हद्द भांडुपपर्यंत सरकली, तेव्हा आपण आत आलो. आत आल्यावर रेघा थांबल्या असं नाही. एकाच विक्रोळीतलं पार्कसाइट घाटकोपरच्या एन वॉर्डात, तर कन्नमवार नगर, टागोर नगर भांडुपच्या एस वॉर्डात. नगरसेवकांचे प्रभाग म्हणजे त्याच्या आत आणखी वेगळ्या रेघा. २०११ च्या जनगणनेत मुंबई होती एक कोटी २४ लाखांची. भागिले २२७, म्हणजे एका नगरसेवकामागे सुमारे ५५ हजार माणसं. २०२१ मध्ये सरकारने प्रभाग २३६ करायचं ठरवलं, सरकार बदललं आणि २०२२ मध्ये ते पुन्हा २२७ झाले. रेघ कुठून काढायची, हे ठरवताना तुमची चाळ किंवा बिल्डिंग कुणाच्या मतांत मिसळते ते ठरतं, म्हणून त्यावर एवढी ओढाताण.

दरम्यान आधीच्या नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली होती आणि निवडणूक थेट जानेवारी २०२६ ला झाली. मधली जवळपास चार वर्षं आयुक्तच प्रशासक. बजेट त्यांनीच मांडायचं, मंजूरही त्यांनीच करायचं. १८७१ च्या त्या सभेत फिरोजशहा नेमकं हेच नको म्हणत होते.

२०२५ मध्ये प्रभागांचा मसुदा नकाशा निघाला तेव्हा त्यावर हरकती आणि सूचना मागवल्या होत्या. हरकत लेखी द्यायची असते, आपली हद्द कुठे चुकली ते नेमकं सांगायचं असतं आणि मग सुनावणी होते. त्यासाठी बॅरिस्टर असावं लागत नाही.